कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी धमनीत ब्लॉक कसा?

पत्र आलंय ते असं:

"मॅडम, नमस्कार. माझं वय ४७. नऊ वर्षं झाली ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस (आरए, सांध्यांच्या सुजेचा आजार) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं की मी दोन-तीन महिने सोडून देते. मागच्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून तपासण्या केल्या, तर सीटी अँजिओत हृदयाच्या पुढच्या धमनीत ४० टक्के ब्लॉक निघाला. सिगारेट कधी नाही, शुगर नाही, बीपी नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) मात्र १४. डॉक्टर म्हणाले हे तुमच्या आरएमुळे, तुमच्याच प्रतिकारशक्तीचं काम आहे, आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लिहून दिली. ती मी अजून सुरू केली नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल असताना कशाला घ्यायची? मिस्टरांनी नेटवर वाचलं की मेथोट्रेक्सेटचा हृदयाला काही उपयोग नाही हे मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालंय, आणि कोल्चिसिन नावाची गोळी त्यापेक्षा चांगली, ती मागून घे म्हणतात. नणंद म्हणते इम्युनिटी वाढवायचं काहीतरी सुरू कर. माझंच शरीर माझ्यावर उलटलंय का? मी काय चुकले? आणि मुलगी २१ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?"

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "मी काय चुकले" या ओळीपाशी थांबले. ब्लॉक निघाला की माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो, काय खाल्लं, किती बसून राहिले, किती टेन्शन घेतलं. तुमच्या बाबतीत या हिशोबात वेळ घालवू नका. नऊ वर्षं अंगात सूज धुमसत राहिली आणि ती सांध्यांपुरती थांबली नाही, एवढं झालंय. सुधारण्यासारखी एकच गोष्ट मला दिसते, ती म्हणजे औषध मधेच सोडणं, आणि त्यावर मी पुढे जरा कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

पण सगळ्यात आधी धाप. ४० टक्के ब्लॉकमुळे सहसा धाप लागत नाही हो. धमनी साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की मग चढताना-पळताना हृदयाला रक्त कमी पडायला लागतं. म्हणजे सीटीत दिसला तो ब्लॉक खराच, त्याचं करायचं ते करायचंच, पण जिन्यावरची धाप त्याचीच असेल असं धरून गप्प बसू नका. आरएमध्ये फुप्फुसांनाही सूज येऊ शकते, मेथोट्रेक्सेटनेही क्वचित फुप्फुसाला त्रास होतो, सूज बरीच वर्षं असली की हिमोग्लोबिन खाली येतं, आणि हृदयाच्या ज्या अगदी बारीक वाहिन्या अँजिओत दिसतच नाहीत त्यांचाही त्रास असू शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन, छातीचा एक्सरे आणि इको झालंय का ते फाइलमध्ये बघा, नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. कोरडा खोकला किंवा ताप सुरू झाला असेल तर त्याच दिवशी फोन करा, मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बसल्याजागी धाप लागली, छाती भरून आली, जबड्यात-पाठीत-हातात दुखलं, दरदरून घाम सुटला, तर सरळ इमर्जन्सी. हे मुद्दाम सांगते कारण आरए असलेल्या बायकांना दुखण्याची इतकी सवय झालेली असते की खांदा दुखतोय, जबडा दुखतोय म्हणजे आपलं नेहमीचंच असेल असं म्हणून त्या झोपून राहतात.

आता तुमचा खरा प्रश्न, कोलेस्टेरॉल बरोबर असताना ब्लॉक झालाच कसा आणि त्यात प्रतिकारशक्ती कुठून आली. मी पॅथॉलॉजीतली. आयुष्याचा मोठा भाग मायक्रोस्कोपला डोळा लावून गेलाय, त्यामुळे मी हे जसं बघितलंय तसंच सांगते.

मानेच्या धमनीतून सर्जनने काढलेला प्लाक, म्हणजे ब्लॉक करणारा थर, आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत यायचा. पिवळट, वरून अंड्याच्या कवचासारखा, सुरी लावली की खर्र आवाज येणार कारण कॅल्शियम बसलेलं असतं, आणि आत गेलं की मऊ, लिबलिबीत. अथेरोमा हे नाव त्याच्यावरूनच आलंय, ग्रीकमध्ये अथेरे म्हणजे पेज. आता हाच तुकडा स्लाइडवर घेतला की काय दिसतं? शिकत असताना मला वाटायचं चरबीचा ढीग दिसेल, पाइपला आतून थर बसतो तसा. तसं नसतंच. दिसतात त्या पेशी. मोठमोठ्या, फुगलेल्या, आत फेस भरल्यासारख्या, त्यांना फोम सेल म्हणतात. त्यांच्या आजूबाजूला बारीक गडद टिपके, ते लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. मधल्या मेलेल्या भागात सुयांसारख्या लांबट पांढऱ्या फटी, तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते, स्लाइड बनवताना वापरतो त्या रसायनांत ते विरघळून जातात आणि फक्त त्यांची जागा उरते. आणि या सगळ्याच्या वर एक पांढरं पांघरूण, कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचं. म्हणजे ब्लॉक ही एक जिवंत गोष्ट आहे ताई, तिच्यात सतत काहीतरी चालू असतं, आणि तिथे काम करणाऱ्यांत मोठा वाटा प्रतिकारशक्तीच्या पेशींचा असतो.

त्या तिथे येतात कशा ते बघा. धमनीच्या आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. एलडीएलचे कण या अस्तरातून आत शिरतात आणि भिंतीत अडकून पडतात, आणि अडकले की हळूहळू खराब होतात, त्यांचं ऑक्सिडेशन होतं. अस्तराला हे खुपतं, ते पृष्ठभागावर चिकट रेणू काढतं, रक्तातून वाहत चाललेल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, भिंतीत उतरतात आणि तिथे त्यांच्या मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेजचं काम साफसफाई. खराब झालेलं एलडीएल दिसलं की गिळ. इथे एक गोची आहे. साध्या पेशीला कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती दार बंद करते, पण मॅक्रोफेज खराब एलडीएल ज्या दाराने घेतो ते दार पोट भरलं तरी बंद होत नाही. तो गिळतच राहतो, फुगतो, फोम सेल होतो आणि शेवटी तिथेच मरतो. मग मेलेल्यांना उचलायला नवे मॅक्रोफेज येतात, तेही पुरे पडत नाहीत, आणि साफसफाईला आलेलेच कचऱ्याखाली गाडले जातात, ती मधली पेज म्हणजे हेच. वर त्यांच्या पोटातल्या कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे पेशीत एक धोक्याची घंटा वाजते आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा रेणू बाहेर पडतो, जो अजून पेशी बोलावून घेतो.

त्यांच्या मागोमाग टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. यातल्या काही टी सेल तर एलडीएलच्या अंगावरच्या प्रथिनालाच, अपोबी-१०० ला, ओळखून भडकतात, म्हणजे आपल्याच शरीरातल्या प्रथिनावर. म्हणून संशोधक हल्ली म्हणायला लागलेत की धमनीच्या आजाराला ऑटोइम्यूनची छटा आहे. टी सेल इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडतात, त्याने ते वरचं कोलॅजनचं पांघरूण विणणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. दुसरीकडून मॅक्रोफेज जी एन्झाइम्स सोडतात ती तयार कोलॅजनच कुरतडतात. पांघरूण ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपेक्षा पातळ झालं की ते फाटण्याचा धोका वाढतो, आणि फाटलं की आतला माल रक्ताला लागून गुठळी होते. बहुतेक हार्ट अटॅक असे येतात. म्हणूनच ब्लॉक किती टक्के याच्यापेक्षा तो शांत आहे की धगधगतोय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ४० टक्क्यांचा शांत ब्लॉक घेऊन माणसं म्हातारी होतात.

आणि आता तुमच्या बोटांकडे बघा. आरएमध्ये सुजलेल्या सांध्याचं अस्तर मी स्लाइडवर ठेवलं तर त्यात काय दिसतं? मॅक्रोफेज, टी सेल, सूज भडकवणारे तेच रेणू, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६, आणि कूर्चा कुरतडणारी त्याच जातीची एन्झाइम्स. मला आजही याचं आश्चर्य वाटतं, गुडघा आणि हृदयाची धमनी, काही संबंध नाही दोघांचा, आणि काचेखाली दोघांच्यात तीच माणसं कामाला लागलेली. सांध्यात तयार झालेले ते रेणू सांध्यातच राहत नाहीत, रक्तात उतरतात, अंगभर फिरतात, धमनीच्या अस्तराला चिडवतात. सकाळी तुमची बोटं आखडलेली असतात तेव्हा आत धमनीलाही त्रास होत असतो, फक्त ती दुखत नाही म्हणून कळत नाही.

हे काही माझ्या मनचं नाही. आरए असेल तर हृदयाचा धोका साधारण दीडपट धरतात, इतका की यूलार ही युरोपातली ऱ्हुमॅटॉलॉजीची संस्था सांगते की धोक्याचं जे गणित येईल त्याला १.५ ने गुणा. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दोन कोटी वीस लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला, त्यात १९ वेगवेगळे ऑटोइम्यून आजार घेतले, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचे, टाइप १ डायबेटिस, आणि तिथेही सगळे मिळून धोका दीडपटीच्या थोडा वरच निघाला. तुमच्या डॉक्टरांनी आरएकडे बोट दाखवलं ते बरोबर दाखवलं. (टाकायासू किंवा जायंट सेल आर्टरायटिस, ज्यात प्रतिकारशक्ती थेट धमनीच्या भिंतीवरच चालून येते, ते आजार वेगळे, त्यांच्यात आणि तुमच्या ब्लॉकमध्ये गल्लत करू नका, नेटवर ते सगळं एकाच पानावर असतं.)

आता ते ९२. तुमच्या पत्रातला सगळ्यात फसवा आकडा हाच आहे. अंगात सूज भडकलेली असली की एलडीएल खाली येतं. हो, खाली. सूज चालू असताना शरीर ते जास्त वेगाने वापरून टाकतं म्हणून रक्तात कमी दिसतं, धोका मात्र वाढलेलाच असतो. आरएच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे, ते याला लिपिड पॅराडॉक्स म्हणतात. सीआरपी १४ असताना मोजलेलं ९२ हे तुमचं खरं एलडीएल आहे असं मी मानणार नाही. उलट आता सांगून ठेवते, आरए नीट आटोक्यात आला की हेच एलडीएल ११०-११५ झालेलं दिसू शकतं, तेव्हा घाबरून "औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं" म्हणत परत औषध सोडू नका.

दुसरं म्हणजे नॉर्मल कोणासाठी? ज्याच्या धमनीत काही नाही त्याला ९२ चालेल. तुमच्या धमनीत प्लाक आहे हे डोळ्यांनी दिसलंय, मग डॉक्टर एलडीएल ७० च्या खाली आणायला बघतात, काहीजण ५५ पर्यंत. आणि स्टॅटिन नॉर्मल कोलेस्टेरॉलवाल्यांना उपयोगी पडते का, हा तुमचाच प्रश्न घेऊन एक मोठी ट्रायल झालीय, ज्युपिटर नावाची, २००८ ची. १७,८०२ माणसं, सगळ्यांचं एलडीएल १३० च्या खाली, पण हायसेन्सिटिव्ह सीआरपी २ किंवा त्याच्या वर. रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ४४ टक्क्यांनी कमी झाले, ट्रायल वेळेआधी थांबवावी लागली इतका फरक दिसला.

मला विचाराल तर एलडीएल ही मूळ ठिणगी आहे आणि प्रतिकारशक्ती ती पसरवते. काही लोकांत जन्मतःच पीसीएसके९ नावाच्या जीनमध्ये असा बदल असतो की एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचा असा अभ्यास आला, एलडीएल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. त्यांची प्रतिकारशक्ती तुमच्या-माझ्यासारखीच होती, तिला भडकायला भिंतीत फारसं काही सापडलंच नाही. म्हणून स्टॅटिन आज रात्रीपासून सुरू करा. स्नायू दुखले तर ते आरएचं दुखणं की गोळीचं हे ओळखणं तुम्हाला अवघड जाईल, तेव्हा स्वतः ठरवून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी बघतील. लिव्हरची तपासणी मेथोट्रेक्सेटसाठी तुम्ही करतच असाल, तीच दोन्हीसाठी कामाला येते.

तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते खोटं नाहीये पण अर्धं आहे, आणि अर्धं वाचून औषध सोडणं हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगते, त्यांनाही वाचायला द्या. ती ट्रायल सर्ट, २०१९ साली छापून आलेली. ४,७८६ माणसं, पण ती कोण होती? ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा एकापेक्षा जास्त धमन्यांत ब्लॉक आहेत आणि जोडीला डायबेटिस किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, असे लोक. आरएचे पेशंट नव्हेत. त्यांच्यात मेथोट्रेक्सेटने सीआरपी, इंटरल्युकिन-६ काहीच खाली आलं नाही, मग हृदयाला फायदा दिसणार कुठून? तुमच्यात सूज वेगळ्या कारणाने आहे आणि त्या सुजेवर हे औषध चालतं. आरएच्या पेशंटवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासांमध्ये मेथोट्रेक्सेट नीट घेणाऱ्यांना हृदयाचे झटके कमी येताना दिसलेत. त्यामुळे तुम्ही "बरं वाटलं" म्हणून दोन महिने गोळी सोडता तेव्हा बोटांना कळायच्या आधी धमनीला कळलेलं असतं. बरं वाटतंय ते गोळीमुळे वाटतंय ताई. मळमळ होते म्हणून सोडत असाल तर तसं स्पष्ट सांगा, फोलिक ॲसिड वाढवता येतं, इंजेक्शनवर जाता येतं, औषध बदलता येतं, पण डॉक्टरांना तुम्ही नियमित घेताय असं वाटत राहिलं तर ते बिचारे चुकीच्या माहितीवर निर्णय घेणार.

सूज कमी केली की हृदय वाचतं का, याचा थेट पुरावा मिळाला २०१७ मध्ये. कँटोस नावाची ट्रायल, १०,०६१ माणसं, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी वाढलेला. त्यांना इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅब इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल तसूभर हललं नाही आणि तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसने झटके, स्ट्रोक वगैरे १५ टक्क्यांनी कमी झाले. स्लाइडवर जे इतकी वर्षं दिसत होतं ते औषधाने खरं करून दाखवलं, तो पेपर वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्याच ट्रायलमध्ये जीवघेणी इन्फेक्शनही वाढली, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि ते इंजेक्शन हृदयासाठी वापरात आलंच नाही. प्रतिकारशक्ती सरसकट दाबून टाकता येत नाही ती यासाठी.

कोल्चिसिनचं म्हणाल तर हे जुनं, गाऊटचं औषध. २०१९ आणि २०२० च्या दोन ट्रायलमध्ये ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीने फायदा दिसला, पहिलीत २३ टक्के आणि दुसरीत ३१ टक्के कमी झटके, २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयासाठी मान्यताही मिळाली. मग २०२४ मध्ये सात हजारांवर हार्ट अटॅकच्या पेशंटवर अजून मोठी ट्रायल झाली आणि तिच्यात काही फरक निघाला नाही. म्हणजे गोष्ट अजून पूर्ण मिटलेली नाही. किडनी कमजोर असेल तर ती चालत नाही, काही अँटिबायोटिकांबरोबर धोकादायक ठरते. मेथोट्रेक्सेट सोडून कोल्चिसिन हा तर सौदाच चुकीचा आहे, कारण ती तुमचा आरए आटोक्यात ठेवणार नाही. विचारायचं तर जरूर विचारा, पण मागून घेऊ नका.

नणंदेला माझा नमस्कार सांगा आणि इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या-पावडरी बाजूला ठेवा. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचे ब्रेक ढिले झालेत. हो, तिला ब्रेक असतात. रेग्युलेटरी टी सेल म्हणून पेशी असतात ज्या बाकीच्यांना आवरतात, आता पुरे म्हणतात, आणि धमनीतही त्या प्लाक शांत ठेवायला मदत करतात असं दिसतंय. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. या पेशी वाढवून धमनीचा आजार थोपवता येईल का यावर ट्रायल सुरू आहेत. हे सगळं कळल्यापासून "माझंच शरीर माझ्यावर उलटलंय" हे वाक्य मला पटेनासं झालंय. त्याच पेशींनी लहानपणापासून तुम्हाला शेकडो इन्फेक्शनमधून बाहेर काढलंय. आत्ता त्या सफाईला आल्यात, अडकल्यात, आणि त्यांना थांबवणारे कमी पडतायत. त्यांच्याशी भांडण मांडू नका, त्यांना शांत करायचं बघा.

बाकी काही गोष्टी भराभर सांगते. सांधे दुखले की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घरात असतंच, पण ब्लॉक निघाल्यावर ती आपल्या मनाने घ्यायची नाहीत, हृदयाचा धोका वाढतो आणि बीपीही चढतं. स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांच्या मदतीने जेवढी कमी होईल तेवढी कमी करा, एकदम मात्र कधीच बंद करू नका. पुढेमागे आरएच्या नवीन गोळ्यांची गोष्ट निघाली, टोफासिटिनिब वगैरे जॅक इनहिबिटर, तर "मला हृदयात ब्लॉक आहे" हे स्वतःहून सांगा, त्या गटावर हृदयाच्या धोक्याचा इशारा आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्या, कारण फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो असं २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात दिसलंय, आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) लसही विचारा, फक्त जिवंत जंतूंच्या लसी मेथोट्रेक्सेटवर असताना विचारल्याशिवाय नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर डेंटिस्टकडे जा, हिरड्यांची सूज आणि आरए यांचं जवळचं नातं आहे. चालणं सोडू नका, पण धापेचा छडा लागेपर्यंत जिन्याशी झटापट नको. आणि सीआरपीच्या रिपोर्टखाली १ च्या खाली कमी धोका, ३ च्या वर जास्त असं छापलेलं असतं ते तुम्हाला लागू नाही, तो तक्ता सांध्यांची सूज नसलेल्यांसाठी आहे. तुमचा १४ खाली येतोय का, एवढंच तुम्ही बघायचं.

लेकीचं. आईला आरए म्हणजे मुलीला होणारच असं अजिबात नाही. मुळात हा आजार शंभरात जेमतेम एकाला होतो, आईला असला की मुलीचा धोका वाढतो तरी बहुतेक मुलींना तो होत नाही. तिच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तंबाखू आणि सिगारेटपासून लांब राहणं, धुराने फुप्फुसातली प्रथिनं अशी बदलतात की प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजायला लागते, आरएची सुरुवात काहींमध्ये तिथूनच होते, आणि धमनीचं नुकसान तर वेगळंच. आत्ता उगाच तिचा आरए फॅक्टर (आरएसाठीची रक्ततपासणी) तपासत बसू नका. बोटांचे सांधे सुजले आणि सकाळी तासभर आखडून राहायला लागले तर मात्र एक दिवसही न थांबता ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्या, लवकर सुरू केलेलं औषध फार चांगलं काम करतं.

आणि एक करा. हृदयाची फाइल ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा आणि सांध्यांची फाइल कार्डिऑलॉजिस्टला. बऱ्याचदा एक डॉक्टर धरून चालतो की कोलेस्टेरॉल दुसरा बघत असेल, दुसरा समजतो सूज पहिला बघतोय, आणि पेशंट मधल्यामधे राहतो. दोघांना एकच प्रश्न विचारा, "माझा आरए हृदयाच्या दृष्टीने पुरेसा आटोक्यात आहे का?" सीआरपी १४ आणि मधेमधे सुटणाऱ्या गोळ्या बघता उत्तर नाही असंच येईल, आणि मग पुढचं ठरेल. मेथोट्रेक्सेटचा एक वार पक्का करा, कॅलेंडरवर गोल करा, आणि ती जबाबदारी मिस्टरांना द्या, त्यांना वाचायची आवड आहे आणि तुमची काळजी आहे हे पत्रावरून दिसतंच. आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनही नाही, हे त्यांना दोनदा सांगा, ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

धापेचं काय निघालं ते मात्र मला कळवा. हिमोग्लोबिनचा आकडा आणि छातीच्या एक्सरेचा रिपोर्ट लिहून पाठवलात तरी चालेल.